शक्य तितक्या लवकर

२३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली. ती उठवायला केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकही झाली नाही. कामकाजाच्या नियमावलीतला बारावा नियम तातडीच्या वेळी पंतप्रधानांना जो अधिकार देतो, तो वापरून शिफारस राष्ट्रपतींकडे गेली आणि सही झाली. आठच्या सुमारास मलबार हिलवरच्या राजभवनात देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची आणि अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. लोकांनी दारातला पेपर उचलला तेव्हा त्यात होऊ घातलेला मुख्यमंत्री म्हणून वेगळेच नाव छापलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश दिला आणि चौथ्या दिवशी ते सरकार गेले. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२० मध्ये, याच राजभवनात उद्धव ठाकरे यांच्या नव्या मंत्रिमंडळाने बारा नावांची यादी पोचवली. विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या आमदारांची ती यादी होती. तिला होकार मिळाला नाही, नकारही मिळाला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले की वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे आणि आठ महिन्यांत ती मुदत उलटून गेलेली आहे. तरीही यादी जागची हलली नाही. सरकार बदलल्यावर ती मागे घेतली गेली. जून २०२० पासून रिकाम्या असलेल्या त्या बारा जागांपैकी सात जागांवरच्या सदस्यांचा शपथविधी झाला तो १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभेची निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी. अठ्ठ्याहत्तर जणांच्या सभागृहात बारा खुर्च्या चार वर्षांहून अधिक काळ रिकाम्या राहिल्या.

राज्यपालपदाविषयी आपल्याकडे बोलणे होते ते बहुधा माणसांविषयी: कोण कुठल्या पक्षातून आले, व्यासपीठावर काय बोलून गेले, कोणाला भेटले आणि कोणाला ताटकळत ठेवले. माणसे महत्त्वाची आहेतच. पण श्रीप्रकाश यांच्यापासून आजवर महाराष्ट्राच्या राजभवनात राहून गेलेली माणसे पाहिली तर त्यांत स्वातंत्र्यसैनिक आहेत, हवाई दलाचे प्रमुख आहेत, मुत्सद्दी आणि सनदी अधिकारी आहेत, इतर राज्यांचे मुख्यमंत्री राहिलेले आहेत. स्वभाव वेगळे, पक्ष वेगळे, आणि वाद मात्र फिरून फिरून तेच. त्याचे कारण पदाच्या घडणीत शोधले पाहिजे. माझे म्हणणे असे की राज्यपालांच्या हातात आज उरलेली खरी सत्ता वेळेची आहे. अधिवेशन कधी बोलवायचे, शपथ कधी द्यायची, विधेयकावर सही कधी करायची, यादीला उत्तर कधी द्यायचे, यांतल्या जवळपास प्रत्येक ठिकाणी राज्यघटनेने ‘काय’ ते सांगितले आहे आणि ‘कधी’ची जागा मोकळी सोडली आहे. गेल्या तीस वर्षांतले बहुतेक वाद या मोकळ्या जागेत घडलेले आहेत.

घटना समितीला या पदाचा पेच ठाऊक होता. सरदार पटेल यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रांतिक घटना समितीने १९४७ मध्ये राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडून यावा असे सुचवले होते आणि घटना समितीने ते तेव्हा मान्यही केले होते. मे १९४९ च्या अखेरीस विचार बदलला. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री अशी दोन सत्ताकेंद्रे एका राज्यात नकोत, म्हणून नेमणूक राष्ट्रपतींकडे गेली. डॉ. आंबेडकरांनी तेव्हा भूमिका मांडली ती अशी: राज्यपालाला स्वतःच्या अखत्यारीत पार पाडायची कार्ये नाहीत, त्याला कर्तव्ये आहेत, मंत्रिमंडळाला सल्ला द्यावा, धोक्याची जाणीव द्यावी, एखादा निर्णय पुन्हा तपासायला सांगावा. ही सगळी कर्तव्ये वेळेवर पार पडली तरच त्यांना अर्थ आहे. त्याच मे महिन्यात, राष्ट्रपतींनी विधेयक संसदेकडे परत पाठवण्याविषयीच्या कलमात आधीच्या मसुद्याने सहा आठवड्यांची मुदत घातली होती, ती काढली गेली आणि तिच्या जागी ‘शक्य तितक्या लवकर’ अशा अर्थाचे शब्द आले. हे शब्द मोघम आहेत अशी हरकत ह. वि. कामत यांनी घेतली होती. ती टिकली नाही. राज्यपालांबाबतच्या अनुच्छेद २०० च्या परंतुकातही हेच शब्द आहेत. ज्या पिढीने ते लिहिले तिला सार्वजनिक जीवनातल्या सभ्यतेवर भरवसा होता, त्यामुळे मुदत लिहून ठेवण्याची गरज तिला वाटली नसावी. कामतांना ती वाटली होती आणि ते बरोबर होते.

वेळेची सत्ता एवढी मोठी व्हायच्या आधी राज्यपालांच्या हातात दुसरे हत्यार होते, सरकार बनवण्याचे आणि पाडण्याचे. पुढे संयुक्त महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झालेले श्रीप्रकाश १९५२ मध्ये मद्रासला होते. तिथे ३७५ पैकी १५२ जागा मिळालेल्या काँग्रेसच्या वतीने, निवडणुकीला उभेच न राहिलेल्या राजाजींना त्यांनी विधान परिषदेवर नेमले आणि सरकार बनवायला बोलावले. १९५९ मध्ये केरळातले नंबुद्रिपाद सरकार बरखास्त झाले. १९६७ मध्ये धर्मवीर यांनी पश्चिम बंगालमधले अजय मुखर्जींचे सरकार घालवले. १९८० च्या फेब्रुवारीत नऊ राज्यांची सरकारे एका फटक्यात गेली, त्यांत शरद पवारांचे पुलोद सरकारही होते. त्याआधी १९७७ मध्ये जनता पक्षाच्या केंद्र सरकारने नऊ राज्यांत हेच केले होते. ऑगस्ट १९८४ मध्ये हैदराबादला राज्यपाल रामलाल यांनी मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांना हटवले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, राज्यपाल बदलावा लागला, आणि नवे राज्यपाल शंकर दयाळ शर्मा यांनी महिन्याभरात रामारावांना पुन्हा शपथ दिली. हेच शर्मा पुढे मुंबईच्या राजभवनात आले. या सगळ्याला मोठा बांध घातला तो सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी १९९४ मध्ये, बोम्मई खटल्यात. बहुमत कोणाकडे आहे याचा निवाडा राजभवनाच्या दिवाणखान्यात होणार नाही, सभागृहात होईल, हे त्यांनी ठरवून दिले. सरकार सरळ बरखास्त करणे त्यानंतर अवघड झाले. मग उरली वेळ.

तिचा वापर दोन्ही अंगांनी झाला. बिहारमध्ये २००५ साली कोणीतरी सरकार बनवील अशी चिन्हे दिसताच राज्यपाल बुटासिंग यांच्या अहवालावरून एका रात्रीत विधानसभा विसर्जित झाली. राष्ट्रपती कलाम तेव्हा मॉस्कोत होते आणि कागद तिथे पाठवून सही घेतली गेली. पुढे ते विसर्जन घटनाबाह्य ठरले. अरुणाचलमध्ये ज्योतिप्रसाद राजखोवा यांनी १४ जानेवारी २०१६ ला ठरलेले अधिवेशन मंत्रिमंडळाला न विचारता १६ डिसेंबर २०१५ वर आणले. तेही घटनाबाह्य ठरले. महाराष्ट्रात २८ जून २०२२ च्या रात्री विरोधी पक्षनेते राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांना भेटले आणि ३० तारखेला सकाळी अकरा वाजता बहुमत सिद्ध करा असे पत्र निघाले. उद्धव ठाकरे यांनी २९ च्या रात्री राजीनामा दिला. ही चाचणी बोलवायला राज्यपालांपुढे पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता, असे घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी सांगितले खरे, पण राजीनामा आधीच झाला असल्यामुळे सरकार परत आणता येत नाही हेही सांगितले. म्हणजे चूक ठरली आणि ती दुरुस्त होण्याची वेळ निघून गेलेली होती. त्याच काळात विधानसभेचे अध्यक्षपद फेब्रुवारी २०२१ पासून रिकामे होते. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने निवडणुकीसाठी तारीख मागितली तेव्हा निवडणुकीच्या पद्धतीतला नियमबदल घटनाबाह्य दिसतो असे कारण देऊन राजभवनाने ती दिली नाही. नव्या सरकारचा शपथविधी ३० जून २०२२ ला झाला आणि ३ जुलैला अध्यक्ष निवडून आले. जवळपास सतरा महिन्यांच्या खोळंब्याला उत्तर मिळायला तीन दिवस पुरले.

तमिळनाडूतले प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण तिथे तारखा कागदावर आहेत. तिथल्या विधानसभेने मंजूर केलेली बारा विधेयके राजभवनात साठली होती. बहुतेक विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या नेमणुकीविषयीची, आणि सर्वांत जुने जानेवारी २०२० मधले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १० नोव्हेंबर २०२३ ला न्यायालयाने नोटीस काढली, आणि पुढच्या तीनच दिवसांत राज्यपाल आर. एन. रवी यांनी दहा विधेयकांची संमती रोखली. विधानसभेने १८ नोव्हेंबरला खास बैठक घेऊन दहाही पुन्हा मंजूर केली. घटनेप्रमाणे दुसऱ्यांदा आलेल्या विधेयकाला राज्यपालांनी संमती रोखायची नाही. २८ नोव्हेंबरला त्यांनी ती सर्व राष्ट्रपतींसाठी राखून ठेवली. पावणेचार वर्षे जे विधेयक वाचून झाले नव्हते त्यावर तीन दिवसांत मत झाले, आणि मग दहा दिवसांत ते दुसऱ्या दारात नेऊन ठेवले गेले.

हे सगळे विरोधी पक्षांच्या राज्यांतले रडगाणे आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून उलटी बाजूही पाहायला हवी, आणि ती पुण्यातल्या एका अभ्यासकाने दाखवून दिलेली आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्रा. डी. सी. वाधवा बिहारमधल्या जमीनधारणेचा अभ्यास करत होते. राजपत्रे चाळताना त्यांच्या लक्षात आले की तिथले कायदे विधिमंडळातून येतच नाहीत, वटहुकमातून येतात. वटहुकमाचे आयुष्य अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवडे. म्हणून अधिवेशन संपले की तोच मजकूर पुन्हा काढला जाई, पुढचे अधिवेशन संपले की पुन्हा. त्यांनी १९६७ ते १९८१ या काळातले २५६ वटहुकूम मोजले. काही एका वर्षाने संपले, काही चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. प्रत्येक वेळी खाली राज्यपालांची सही. एकामागून एक राज्यपाल आले आणि गेले, सही थांबली नाही. वाधवांनी त्यावर पुस्तक लिहिले, मग सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि डिसेंबर १९८६ मध्ये पाच न्यायाधीशांनी या प्रकाराला घटनेची फसवणूक ठरवून त्यांना खर्चापोटी १० हजार रुपये देण्याचा आदेश दिला. जिथे थांबून मंत्रिमंडळाला खडसावायचे होते, आंबेडकरांनी सांगितलेले कर्तव्य बजावायचे होते, तिथे सही लगेच होत होती. राजभवनाची घाई आणि दिरंगाई कुठल्या बाजूने झुकते हे इथे कळते.

ती अशी का झुकते, याचे उत्तर अनुच्छेद १५६ मध्ये आहे. राज्यपालाची मुदत पाच वर्षांची, पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत, आणि मर्जी म्हणजे केंद्रातल्या सरकारची मर्जी. राजस्थानचे राज्यपाल रघुकुल टिळक यांच्या नेमणुकीला कोर्टात आव्हान मिळाले, तेव्हा १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्यपाल हा केंद्र सरकारचा नोकर नाही, ते स्वतंत्र घटनात्मक पद आहे. दोन वर्षांनी, १९८१ मध्ये, त्याच टिळकांना केंद्राने बडतर्फ केले. त्याच्या आदल्या वर्षी तमिळनाडूतून प्रभुदास पटवारी गेले होते. काश्मीरमध्ये १९८४ साली फारूख अब्दुल्लांना हटवायला बी. के. नेहरू तयार होईनात, तेव्हा त्यांची बदली गुजरातला झाली आणि त्यांच्या जागी आलेल्या जगमोहन यांनी ते काम केले. सी. सुब्रमण्यम यांची पंतप्रधानांविषयीची खाजगीतली टीका छापून आली आणि १९९३ मध्ये त्यांना मुंबईचे राजभवन सोडावे लागले. २००४ मध्ये सरकार बदलताच चार राज्यपाल घालवले गेले. २०१४ मध्ये के. शंकरनारायणन यांची महाराष्ट्रातून मिझोरामला बदली झाली, त्यांनी राजीनामा दिला. २०१० च्या सिंघल खटल्यात न्यायालयाने सांगितले की केवळ विचारसरणी जुळत नाही म्हणून राज्यपाल काढता येत नाही. चार वर्षांनी त्याचा किती उपयोग झाला ते दिसले. ज्याची खुर्ची एका फोनवर जाऊ शकते त्याला ‘कधी’ ठरवायचा मोकळा अधिकार दिला, तर ते ‘कधी’ फोनच्या दुसऱ्या टोकाला ठरणार. यात काँग्रेस, जनता पक्ष, भाजप कोणीच वेगळे वागलेले नाही.

मग हे पद हवेच कशाला, असा प्रश्न तमिळनाडूत फार पूर्वीपासून विचारला जातो; शेळीला दाढी आणि राज्याला राज्यपाल कशाला, हे अण्णादुराईंचे म्हणणे तिकडे म्हणीसारखे झाले आहे. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण महाराष्ट्रातच आहे. अनुच्छेद ३७१ च्या दुसऱ्या खंडाने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात निधीचे समन्यायी वाटप व्हावे ही विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. १९९४ मध्ये तसा आदेश निघाला, विकास मंडळे स्थापन झाली, आणि १९९३ पासून नऊ वर्षे राजभवनात असलेल्या पी. सी. अलेक्झांडर यांनी अनुशेष मोजण्यासाठी समिती नेमून सिंचनाच्या पैशाबाबत राज्य सरकारला निर्देश दिले. निवडणुकीचे गणित ज्या भागाच्या विरुद्ध जाते त्या भागासाठी मंत्रिमंडळाबाहेरच्या कोणीतरी आकडे धरून बसणे गरजेचे असते. ते काम मुख्यमंत्री करू शकत नाही. लखनौच्या राजभवनातून राम नाईक दरवर्षी आपल्या कामाचा लेखी अहवाल प्रसिद्ध करत, हेही या पदावर राहून करता येण्यासारखे होते. पण महाराष्ट्रातल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि ती वाढली नाही. त्याच ३० एप्रिलला राज्यपालांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहून विधान परिषदेच्या नऊ जागांची निवडणूक घ्यायची विनंती केली. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना २७ मेच्या आत आमदार व्हायचे होते आणि त्यांच्या नियुक्तीची मंत्रिमंडळाची शिफारस दोनदा जाऊनही उत्तर मिळाले नव्हते. करोनाच्या त्या दिवसांत राज्याचे तीन आठवडे ‘कधी’ या प्रश्नात गेले. आमदारकीची मुदत थोडी उरली आहे, म्हणून नियुक्ती योग्य नाही, असा एक युक्तिवाद तेव्हा होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. मग तो पहिल्या आठवड्यात लिहून कळवता आला असता. लिहिलेले कारण तपासता येते, त्यावर भांडता येते, कोर्टात नेता येते. मौनावर अपील नाही, आणि अनुच्छेद ३६१ मुळे राज्यपालांना कोर्टात उभे करता येत नाही.

मुदत घातली तर राज्यपाल नुसता रबरी शिक्का होईल, ही दुसरी हरकत. मला उलटे वाटते. सहा आठवड्यांत उत्तर द्यावेच लागणार असेल तर विधेयक वाचावे लागेल, आक्षेप मांडावे लागतील, विधानसभेला परत पाठवावे लागेल. सल्ला आणि इशारा देण्याचे कर्तव्य तेव्हाच जागे होईल. केंद्राच्या कायद्याशी टक्कर होत असेल तर राष्ट्रपतींसाठी राखून ठेवण्याचा मार्ग सहा आठवड्यांतही मोकळाच असतो. घटना बिघडवणारे विधेयक असेल तर न्यायालये आहेत. राज्यपालाने फाइल दाबून ठेवून घटनेचे रक्षण करावे, असे घटनेत कुठेही लिहिलेले नाही.

तिसरी हरकत सर्वांत वजनदार आहे आणि ती सर्वोच्च न्यायालयाचीच आहे. तमिळनाडू खटल्यात ८ एप्रिल २०२५ रोजी दोन न्यायाधीशांनी राज्यपालांना मुदती आखून दिल्या आणि ती दहा विधेयके संमत झाली असे मानले. राष्ट्रपतींनी त्यावर मत मागवले आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायाधीशांनी सांगितले की घटनेत नसलेल्या मुदती न्यायालय घालू शकत नाही, आणि ‘संमती मिळाली असे मानणे’ घटनेत बसत नाही. त्या पीठाचे प्रमुख, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई हे बिहार आणि केरळचे राज्यपाल राहिलेल्या रा. सू. गवई यांचे चिरंजीव. हे पद त्यांच्या घरातले होते. त्याच मतात असेही म्हटले आहे की राज्यपालांना विधेयक परत न पाठवता नुसते रोखून धरता येत नाही आणि कारण न देता दीर्घ दिरंगाई झाली तर न्यायालय निर्णय घ्यायला सांगू शकते. किती दीर्घ, ते पुन्हा मोकळेच. न्यायालयाने मुदत लिहू नये, हे मला मान्य आहे. घटना दुरुस्त करायचे काम न्यायाधीशांचे नाही. पण हे मान्य केले की पुढची पायरी संसदेची ठरते, आणि तिथे आपल्याकडे कोणी वळताना दिसत नाही.

मुदत आणि ‘मानले जाईल’ ही भाषा घटनेला परकी आहे असेही नाही. विधानसभेने पाठवलेले धनविधेयक विधान परिषदेने १४ दिवसांत परत केले नाही, तर ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केले असे मानले जाते, हे अनुच्छेद १९८ मध्ये लिहिलेले आहे. राष्ट्रपतींनी परत पाठवलेल्या विधेयकावर विधिमंडळाने सहा महिन्यांत विचार करायचा, हे अनुच्छेद २०१ मध्ये आहे. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू द्यायचे नाही, हे अनुच्छेद १७४ मध्ये आहे. निवडून आलेल्यांना दिवस मोजून दिले आणि नेमलेल्याला दिले नाहीत. शेजारच्यांनी हे सुधारले आहे. आपल्या घटनेप्रमाणेच १९३५ च्या इंग्रजी भारत सरकार कायद्याच्या पोटातून आलेल्या पाकिस्तानच्या घटनेत राष्ट्रपतीला आणि प्रांताच्या गव्हर्नरला विधेयकासाठी दहा दिवस आहेत, बांगलादेशात राष्ट्रपतीला पंधरा. बांगलादेशात त्यानंतर संमती मिळाली असे मानले जाते, पाकिस्तानात विधेयक दुसऱ्यांदा मंजूर होऊन आले असेल तर. पुंछी आयोगाने आपल्याकडे २०१० मध्ये राज्यपालांसाठी सहा महिन्यांची मर्यादा सुचवली होती. ती शिफारस अजून कागदावरच आहे.

अनुच्छेद २०० आणि १५६ बदलायला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरीही लागत नाही. अनुच्छेद ३६८ मध्ये अशा मंजुरीसाठी जी कलमे नावानिशी सांगितली आहेत, त्यांत ही दोन नाहीत. संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते पुरतात. १५६ मधून ‘मर्जी’ काढून तिथे राष्ट्रपतींवरच्या महाभियोगासारखी पायरी ठेवायची, आणि २०० मध्ये ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द खोडून तिथे ‘सहा आठवड्यांच्या आत, आणि न केल्यास संमती दिली असे मानले जाईल’ एवढे लिहायचे. कामतांच्या हरकतीनंतरही जी मुदत मे १९४९ मध्ये राष्ट्रपतींच्या कलमातून गेली, ती सहा आठवड्यांचीच होती.